तीस पावलांची बंदूक

मिनियापोलिसहून २१२ क्रमांकाचा महामार्ग धरून पश्चिमेला निघालं, की पहिले दोन तास मका आणि सोयाबीन दिसतं आणि पुढचे दोन तास सोयाबीन आणि मका. वळण नाही, घाट नाही. चोर्ला घाटातून गोव्याला जायची सवय असलेल्या बेळगावकराला हा रस्ता म्हणजे शिक्षाच वाटेल. मिनेसोटा संपून साउथ डकोटा सुरू झालं हे फक्त पाटीवरून कळतं. वॉटरटाउन मागं पडलं की मात्र जमीन बदलायला लागते. शेतांच्या मधेमधे उथळ तळी दिसतात, हिमयुगातल्या बर्फानं मागं ठेवलेले खळगे. त्यांच्या कडेला पुरुषभर उंचीचं पाणकणीस. शेताच्या बांधावर एका रेषेत लावलेली झाडं. १९३० च्या दशकात इथली माती वाऱ्याबरोबर उडून जायला लागली, तेव्हा ती धरून ठेवायला असे झाडांचे पट्टे लावले गेले. आणि अधूनमधून चक्क ज्वारी! इकडं तिला ‘मायलो’ म्हणतात. लालसर, बुटकी, आपल्या शाळूच्या निम्म्या उंचीची. पण कणीस पाहिलं आणि ओळख पटली. ही ज्वारी भाकरीसाठी नसते. पुष्कळ शेतकरी तिचे दोन-चार पट्टे मुद्दाम काढणी न करता ठेवतात, पाखरांसाठी.

पाखरू म्हणजे फेझंट. मोर, तित्तर, रानकोंबडा यांच्याच कुळातलं. नराचं डोकं हिरवंनिळं, डोळ्याभोवती लाल कातडी, गळ्यात पांढरी पट्टी, अंग तांब्यासारखं आणि लांबलचक शेपूट. मादी मातकट, गवतात बसली तर पायाखाली आली तरी दिसत नाही. साउथ डकोटानं १९४३ साली याला राज्यपक्षी केलं. गंमत अशी की हा इथला नाहीच. मूळचा चीनचा. शांघायमधल्या एका अमेरिकन वकिलानं, ओवेन डेनी यांनी, १८८० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत तो ओरेगनला पाठवला. तिथून पुढं १९०८-०९ च्या सुमारास रेडफील्ड गावच्या शेतकऱ्यांनी काही जोड्या आणून सोडल्या. त्या टिकल्या, वाढल्या आणि १९१९ साली तिथल्या स्पिंक काउंटीत पहिल्यांदा एका दिवसाची शिकार उघडली. आमच्यासारख्या एच-वन-बी वाल्यांनी या कोंबड्याकडं जरा आदरानं पाहावं. आला परदेशातून आणि थेट राज्याचं मानचिन्ह होऊन बसला.

दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यात या भागात जत्रा असते, दुसरा शब्द नाही. पेट्रोल पंपापासून चर्चपर्यंत सगळीकडं शिकाऱ्यांच्या स्वागताचे फलक. मोटेलमध्ये खोली मिळत नाही आणि जिथं मिळते तिथं दाराशी पाटी: ‘पक्षी खोलीत साफ करू नयेत’. ह्युरॉन गावात तर २८ फूट उंचीचा फेझंट उभा केलाय. मी त्याच्याखाली उभा राहून फोटो काढला आणि बेळगावला पाठवला. आईचं उत्तर आलं, “एवढा मोठा कोंबडा कशाला?”

तर अशा ठिकाणी मी कशाला गेलो, ते सांगायला हवं. आमच्या टीममध्ये एक सदुसष्ट वर्षांचे सहकारी आहेत. जुन्या मेनफ्रेमच्या काळापासूनचे, निवृत्त व्हायचं नाव काढत नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात ‘आबा’ म्हणायचो. एकदा तोंडातून निघून गेलं, अर्थ सांगावा लागला, तेव्हापासून तेच मला फोनवर “आबा बोलतोय” म्हणतात. आबांचा चुलतभाऊ रेडफील्डच्या दक्षिणेला शेती करतो आणि आबा गेली पन्नास वर्षं हंगामाचा पहिला दिवस तिथं घालवतात. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, शिकारीला जा, पण ती जुनी बंदूक विसरा. त्याच वर्षी त्यांची नात तेरा वर्षांची झाली. तिनं सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करून दाखला मिळवला आणि आजोबांकडं हट्ट धरला. म्हणजे एक खांदा दुखरा, एक खांदा कोवळा, आणि दोघांनाही झेपेल अशी एकच बंदूक घ्यायची. आबांना माझ्यातला स्प्रेडशीट करणारा माणूस हवा होता. मला आबांचा मुलूख पाहायचा होता.

मी स्वतः बंदूक हातात धरली नाही. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायची तर साधारणपणे आधी शिकारीचा परवाना काढावा लागतो, असा तिथला कायदा आहे. मला तो काढावासा वाटला नाही. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार संपली, आणि ते उत्तमच झालं असं माझं मत आहे. इथलं गणित वेगळं आहे. फक्त नर मारायचे, माणशी दिवसाला तीन. माद्यांना हात लावायचा नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळं काही नर कमी झाल्यानं पुढच्या वर्षीच्या पिलांवर फारसा परिणाम होत नाही. खरा परिणाम होतो तो गवत नांगरलं गेलं की. हे सगळं पटूनही चाप ओढावासा वाटणं ही वेगळी गोष्ट. मी हाकाऱ्या म्हणून गेलो. नारिंगी जाकीट, हातात काठी.

बंदूक मात्र मला अगदीच परकी नाही. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. आजोबांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर होती. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा गावातल्या पाच-सहा घरांचा ठरलेला कार्यक्रम. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, मोजून मिळायची. आजोबा बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे. बार काढल्यावर दोन दिवस उजवा हात वर करताना चेहरा वाकडा व्हायचा, हे मला पक्कं आठवतं. ‘बोअर’ म्हणजे काय हे मात्र घरात कुणालाच सांगता यायचं नाही. बारा बोअर म्हणजे बारा बोअर, जसं दहा एचपीचं इंजिन.

ते मला आबांनी सांगितलं. एक पौंड शिसं घ्या आणि त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. अमेरिकेत बोअरला ‘गेज’ म्हणतात. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअर साधारण साडेअठरा मिलिमीटर, वीस बोअर साडेपंधराच्या थोडी वर, अठ्ठावीस बोअर चौदा. सगळ्यात बारीक ‘फोर-टेन’, तिचं नाव तेवढं सरळ व्यासावरून पडलंय, ०.४१० इंच, म्हणजे दहा मिलिमीटरपेक्षा जराशी जास्त.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघं मिनियापोलिसजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणानं नातीकडं पाहिलं आणि थेट गुलाबी दस्त्याची फोर-टेन काढून ठेवली. हलकी आहे, धक्का नाही, मुलांसाठी हीच देतात. नात म्हणाली, “गुलाबी नको.” आबा म्हणाले, “फोर-टेनच नको.” दोघांची कारणं वेगळी होती, आणि आबांचं कारण ऐकण्यासारखं होतं.

शॉटगनमधून एक गोळी सुटत नाही, छऱ्यांचा घोळका सुटतो. बारीक नळीतून सुटलेला छर्रा दुबळा असतो असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. पाच नंबरचा छर्रा बारा बोअरमधून सुटो की अठ्ठावीसमधून, वजन तेच आणि वेगही जवळपास तोच. पक्ष्याला लागला तर तितकाच आत जाणार. फरक पडतो तो संख्येत. बारा बोअरच्या फेझंटच्या काडतुसात साधारण ३५ ग्रॅम छर्रे भरतात, म्हणजे पाच नंबरचे २१० च्या आसपास. वीस बोअरच्या २८ ग्रॅमच्या काडतुसात १७०. अठ्ठावीसच्या २१ ग्रॅमच्या काडतुसात सव्वाशेच्या थोडे वर. फोर-टेनच्या छोट्या काडतुसात १४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ८५. घोळका जसा पुढं जातो तसा तो पसरतो, विरळ होतो. छर्रेच कमी असतील तर तो लवकर विरळ होतो आणि मधे पक्ष्याएवढी भोकं पडतात. पक्षी भोकातून सुटला तर ठीक. पण कडेचे एक-दोन छर्रे लागून तो जखमी झाला आणि पळाला, तर तो कुठंतरी गवतात दोन दिवसांनी मरतो. फेझंट चिवट असतो. पंख मोडला तरी कोंबड्यासारखा धावत सुटतो आणि कुत्र्यालाही गुंगारा देतो.

“फोर-टेन ही मुलांची बंदूक नाही,” आबा त्या तरुणाला म्हणाले, “ती चाळीस वर्षं नेम धरलेल्या माणसाची बंदूक आहे. नवशिक्याच्या हातात ती दिली की नेम चुकतो, नाहीतर पाखरू जखमी होतं. दोन्हीत पोरगी रडते.”

अठ्ठावीस बोअरची एक दुनळी आबांनी बराच वेळ हातात धरली होती. एकावर एक नळ्या, अडीच किलोच्या थोडी वर, अशी सुबक की खाली ठेववेना. दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे काडतुसं महाग, आणि डकोटातल्या खेड्यात शनिवारी सकाळी संपली तर मिळतील याची खात्री नाही. (हेच सोळा बोअरचं. आबांच्या पिढीला तिचं भारी प्रेम, पण काडतुसं शोधत फिरावं लागतं.) दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नसती. फार हलकी बंदूक चटकन वळते खरी, पण तितक्याच चटकन थांबते. उडत्या पक्ष्याच्या मागून नळी फिरवत पुढं न्यायची असते आणि चाप ओढल्यावरही फिरवत राहायची असते. नळीला थोडं वजन असेल तर ती स्वतःच्या जडपणानं फिरत राहते. पिसासारखी बंदूक हात थांबला की थांबते आणि घोळका पक्ष्याच्या शेपटीमागून निघून जातो.

मग धक्क्याचा हिशेब. इथं दुकानातले लोक हमखास एक चलाखी करतात. वीस बोअरमध्येही लांब, तीन इंची काडतूस मिळतं, त्यात बारा बोअरइतकेच ३५ ग्रॅम छर्रे भरलेले असतात. ‘वीस बोअरमध्ये बाराचं बळ’ असं सांगून ते विकतात. पण धक्का नळीच्या व्यासावर ठरत नाही. बाहेर किती वजन किती वेगानं गेलं आणि मागं किती वजनाची बंदूक आहे, यावर ठरतो. न्यूटन काही सवलत देत नाही. हलक्या वीस बोअरमधून तेवढंच वजन फेकलं तर खांद्याला बारा बोअरइतकाच दणका बसणार. जुने इंग्रज बंदूककार ९६ चा एक आडाखा सांगत: छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचं वजन असावं. २८ ग्रॅमला ९६ नं गुणलं तर पावणेतीन किलोच्या जरा आत येतं. हे गणित मी तिथंच मोबाइलवर केलं आणि आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, डाव्या हातानं.

शेवटी ठरली ती वीस बोअरची अर्धस्वयंचलित, सुमारे २.९ किलोची. काडतुसाचा थोडा वायू वळवून तीच पुढचं काडतूस भरते आणि त्या खटाटोपात धक्का लांबतो. म्हणजे ठोसा बसण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. दुखऱ्या खांद्याला हा फरक मोठा. तिच्या दस्त्याच्या मागं चकत्या घालता येतात. चकती काढली की दस्ता आखूड होऊन नातीला बसतो, घातली की आबांना. बंदूक अंगाला बसते का हे बघायची आबांची पद्धत साधी. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, डोळे उघडायचे. नजर नळीवरून सरळ गेली तर बसली. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक दुसऱ्याची.

घरी भिंतीवर आबांच्या वडिलांची विंचेस्टर मॉडेल १२ आहे. नावातला १२ हा बोअर नव्हे, १९१२ साल. ते मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा वीस बोअरमध्येच आलं होतं, बारा बोअर नंतर. आबांच्या वडिलांची मात्र बारा बोअर. मला वाटलं आबा ती आठवण म्हणून तरी गाडीत घालतील. त्यांनी घातली नाही. कारण वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते घरंगळत पुढं जाऊन नळीत अडकतं. मागून बारा बोअरचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते. बोटं जातात, डोळे जातात. म्हणूनच तिथं वीस बोअरची काडतुसं पिवळीधमक करतात, नजरेनं कळावं म्हणून. आबांचा नियम त्याहून कडक: एका कोटाच्या खिशात दोन आकार कधीही नाहीत, आणि जमलं तर एका घरातून दोन आकार निघतच नाहीत.

सप्टेंबरभर नात आणि आबा रविवारी मातीच्या उडत्या चकत्यांवर सराव करत होते. आम्ही शुक्रवारी दुपारी शेतावर पोचलो. गोठ्यामागं चुलतभावानं प्लायवूडच्या फळीवर मोठे कागद ठोकून ठेवले होते. वीस, तीस आणि चाळीस यार्डांवरून प्रत्येकी तीन-तीन बार. यार्ड म्हणजे आपलं एक लांब पाऊल समजा. मग कागदावर तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. हे काम माझ्याकडं. गुडघ्यावर बसून पेननं एकेक भोक खोडत, थंडीत बोटं फुंकत मोजलं. वीस यार्डांवर जवळपास सगळे छर्रे आत. तीसवर सरासरी १३८. चाळीसवर ९६, आणि त्या ९६ मध्ये कुठं दाट झुबका तर कुठं ताटलीएवढी कोरी जागा. नातीनं त्या कोऱ्या जागेवर आपला पंजा ठेवून पाहिला. पुरा बसला.

“इथं पाखरू असेल तर?” तिनं विचारलं.

“म्हणून तीस,” आबा म्हणाले.

मग दोघांनी झाडांच्या पट्ट्याच्या कडेनं तीस लांब पावलं मोजून खुंटाला नारिंगी फीत बांधली. अंधार पडेपर्यंत ती पोरगी निरनिराळ्या जागी उभी राहून एखादं झुडूप, खांब, बादली तीस पावलांच्या आत आहे की बाहेर ते ओळखायची आणि मग चालून खात्री करायची. नेमापेक्षा हा सराव जास्त झाला असेल. बारा बोअरवाल्याला पाच-सात पावलं जास्त मिळतात. वीस बोअर घेतली की ती सोडून द्यायची. यंत्र लहान केलं म्हणजे काम लहान झालं नाही, कामाची हद्द जवळ आली. आमच्या धंद्यात मेमरी कमी असलेल्या उपकरणावर प्रोग्राम चालवताना हेच करावं लागतं, पण तिथं चुकलं तर पडदा गोठतो. इथं गवतात एक जीव लंगडत फिरतो.

शनिवारी सकाळी दहाला सुरुवात. पूर्वी पहिल्या आठवड्यात दुपारी बारानंतरच बार काढता यायचा, आता दहापासून चालतं. आबांना हे पसंत नाही. बाराची वाट बघत गाडीच्या बॉनेटवर बसून सँडविच खाण्यात अर्धी मजा होती म्हणतात. आम्ही अकरा जण आणि तीन कुत्री. सात जण ज्वारीच्या पट्ट्याच्या एका टोकाला ओळीनं, चार जण दुसऱ्या टोकाला अडवायला. मी ओळीत आबा आणि नात यांच्या मधे. ज्वारीची वाळकी पानं अंगाला घासताना जो आवाज होतो तो थेट आमच्या शेतातला. डोळे मिटले असते तर खानापूरच.

फेझंट उडायला तयार नसतो. पळतो, दबतो, थांबतो आणि तुम्ही त्याच्या अंगावर पाय द्यायच्या बेतात आलात की छातीत धडकी भरेल असा फडफडाट करत उभा वर जातो. कुणीतरी ओरडतं “हेन!” म्हणजे मादी, आणि सगळ्या नळ्या आकाशाकडं. कुणी “रूस्टर!” ओरडलं की बार. पक्ष्याखाली आकाश दिसत नसेल तर कुणीही चाप ओढायचा नाही, समोर माणसं असतात. पहिला नर नातीच्या डाव्या बाजूला उठला, लांब. तिनं बंदूक खांद्याला लावली, नळी फिरवली आणि खाली घेतली. पलीकडच्या एका पाहुण्यानं, हातात बारा बोअर, बार काढला. पक्षी हवेत डळमळला, एक पाय लोंबकळला, तिरपा होऊन पाणकणसात उतरला.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही तो शोधला. सगळी शिकार थांबवून. लॅब्रॅडोर कुत्री नाक जमिनीला लावून गोल गोल फिरली, कंबरभर चिखलातून दोनदा गेली, थरथरत बाहेर आली. मी काठीनं पाणकणसाचे झुबके दूर करत होतो, नाकातोंडात कापूस. सापडला नाही. पाहुणा खजील झाला होता. तो पक्षी आपल्या तीनांत धरणार, असं त्यानं आपणहून सांगितलं. आबा त्याला एक शब्द बोलले नाहीत. नातीला मात्र म्हणाले, “किती पावलं होती?” ती म्हणाली, “पन्नास. पंचेचाळीस तरी.”

दुपारपर्यंत आबांनी एक पाडला. धक्का कसा लागला म्हणून विचारलं तर म्हणाले, “कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखा.” मग नातीला दस्त्याची चकती काढून दिली. तीनच्या सुमारास झाडांच्या पट्ट्याच्या शेवटी, जिथं फीत बांधली होती त्याच्या अलीकडंच, कुत्री थबकली आणि एक नर अगदी पायाजवळून उठला. इतक्या जवळून मारला तर खायला काही उरत नाही. तिनं बंदूक लावली आणि थांबली. एक, दोन… मला वाटलं आता गेला. वीसेक पावलांवर तो सूर्याकडं वळला, तांब्याचा झाला, आणि तेव्हा बार झाला. पक्षी दगडासारखा खाली आला. कुत्रीनं तो आणून आबांच्या नव्हे, तिच्या पायाशी ठेवला. तिनं हातमोजा काढून त्याच्या मानेवरचा पांढरा पट्टा बोटानं चाचपला. रडली नाही, हसलीही नाही. बराच वेळ धरून उभी होती. मी जरा दुसरीकडं पाहिलं.

संध्याकाळी चुलतवहिनींच्या स्वयंपाकघरात मला मानाचं काम मिळालं. तिकडं फेझंट मशरूमच्या सायीत शिजवतात आणि तो मला कायम मिळमिळीत लागतो. मी आईनं दिलेली चटणी नेली होती (चटणी म्हणजे काय ते बेळगावकरांना सांगायला नको), कांदा-खोबरं भाजलं, आणि रस्सा केला. मांस ब्रॉयलरपेक्षा घट्ट, गावठी कोंबड्याच्या जवळचं, चरबी जवळजवळ नाही, त्यामुळं मंद आचेवर तास-दीड तास लागतो. कापताना छर्रे काढायला विसरू नये. जिथं पीस आत ओढलं गेलेलं दिसतं तिथं टोकदार सुरीनं शोधायचं, छर्रा त्याच्या शेवटी सापडतो.

आबांनी रश्श्याचा पहिला घास घेतला, पाणी प्यायले आणि दुसरा घेतला. नातीनं बशीच्या कडेला छर्रे ओळीनं मांडून ठेवले होते. तिच्या पक्ष्यातून पाच निघाले होते. एकशेसत्तरपैकी पाच. मी त्याचा टक्का काढायला मोबाइल हातात घेतला, तर वहिनींनी तो काढून घेतला आणि माझ्या ताटात भात वाढला.